टेलच्या खोलीची हवा

कालव्यातला गाळ दरवर्षी काढावा लागतो. ऑफिसातले किस्से कुणी काढत नाही, म्हणून ते साचतात.

नव्वदच्या दशकात इंदापूरला आमच्या कालव्याच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. बसवणाऱ्याने त्यात अवकाशयानाचा एक गेमही टाकून दिला होता. भरकटलेलं यान घरच्या ग्रहावर परत आणायचं. मध्येच बंद केलं, की पुन्हा पहिल्यापासून! कालवा निरीक्षक तात्यांनी ठरवलं, रिटायर होण्याआधी यान उतरवायचंच. शास्त्राची बाजू सांभाळायला कन्हेरीचे कांबळे साहेब होते, इंजिनिअर.

*

अवकाशात स्फोट झाला की मोठा आवाज येई. कांबळे साहेबांना ते सहन होईना. हवाच नाही तिथे आवाज कसला? तात्या म्हणाले, "साहेब, स्पीकर हितं हाय. हितं हवा हाय."

साहेबांनी तत्त्वासाठी स्पीकर बंद करून खेळ मांडला. धोक्याचा भोंगा ऐकू आला नाही आणि यान उल्केवर आपटलं.

"शास्त्रशुद्ध गेलं," तात्या म्हणाले.

*

इंजिन बंद केलं तरी यान चालतं कसं, यावर आठवडाभर वाद. टायपिस्ट जगतापबाई रोज बारामतीहून एसटीने येत. उतारावर ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो, तसंच हे, असं त्यांचं मत. अवकाशात उतार नसतो, हे साहेबांनी परोपरीने सांगितलं. बाईंनी इंजिन बंदच ठेवलं. ज्या ग्रहावर थांबायचं, त्याच्यावरून यान सरळ निघून गेलं.

"एसटीपण अशीच जाते," म्हणून बाई टायपिंगला लागल्या.

*

खरं भांडण हवेचं. यानातल्या खोल्यांना हवा सोडायची असे आणि ती पुरत नसे. साहेब सारख्या वाटपाचे. तात्यांचा उभा जन्म कालव्यावर गेलेला. टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी आधी. नाहीतर वरचेच सगळं पितात. त्यांनी सगळ्यात मागच्या खोलीची झडप आधी उघडली. पुढे बसलेला पायलट गुदमरून मेला.

"तात्या, मागं कुणीच नव्हतं," साहेब म्हणाले.

"नसंना. टेलची तक्रार तर आली न्हाय."

*

निवृत्तीच्या दिवशी तात्यांचं यान घरच्या ग्रहाभोवती घिरट्या घालू लागलं. तिथे हवेचा काटा खाली यायचा थांबे. का थांबे, यावर तीन मतं होती. आता एक बटण दाबलं की उतरलं! शेजारच्या खोलीत मोठे साहेब शाल-नारळ घेऊन ताटकळलेले. कांबळे साहेब म्हणाले, "उतरवा की, तात्या."

तात्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. "फिरू द्या जरा," म्हणाले आणि सत्काराला गेले.

सोमवारी ते नेहमीच्याच एसटीने आले. त्यांच्या खुर्चीत नवा माणूस होता, म्हणून बाकावर बसले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "त्ये बंद केलं आसंल?"

कांबळे साहेबांनी कॉम्प्युटरवरचं कापडी कव्हर उचललं. यान फिरत होतं.

"हवा?" तात्यांनी विचारलं.

"आहे. टेललासुद्धा."