गोठ्यातली गिट्टी

आमच्या गावापासून फुलसावंगीपर्यंतचा रस्ता कच्चा आहे. त्या वर्षी महागावच्या बाजारात ओलावा जास्त म्हणून व्यापाऱ्याने आमचं सोयाबीन हमीभावापेक्षा बऱ्याच कमीत घेतलं. परतताना नवरा म्हणाला, "औंदा याहिले पाडाच लागते." मी मान हलवली. निवडणूक तोंडावर होती आणि सत्तेतल्यांना पाडायचं, असं सगळं गावच बोलत होतं.

मग आचारसंहिता लागायच्या आधी टिप्पर आले, रस्त्याच्या कडेला गिट्टीचे, म्हणजे खडीचे, ढीग पडले. नारळ फुटला, पाटी लागली. पारावरचं बोलणं बदललं. "काम तं सुरू झालं ना," असं जो तो म्हणू लागला. सोयाबीनचं नाव कोणी काढेना. मतदानाच्या दिवशी त्या ढिगांना वळसा घालून आम्ही शाळेत गेलो आणि मागच्या खेपेला दाबलं होतं तेच बटण दाबलं. मला राग आला नाही. यायला हवा होता, एवढं फक्त लक्षात आलं.

निकालानंतर रोलर आला नाही. मागच्या निवडणुकीनंतरही आला नव्हता. तेव्हा गावाने गिट्टी घरोघरी नेली होती, कारण पावसाळ्यात गोठ्यात चिखल होतो. या वेळीही बैलगाड्या निघाल्या, त्यात आमचीही होती. नवऱ्याने गिट्टी बैलांच्या जागेवर पसरली, धुमसाने ठोकली आणि मागे सरून पाहिलं.

"एक कोपरा राह्यला," तो म्हणाला. "पुढच्या इलेक्शनले होऊन जाईन."