गवत कापायचं मशीन आणि आमच्या वहिनी

आमच्या वहिनींना गाणं येत नाही, विणकाम येत नाही आणि चार माणसांत गोड बोलणं तर मुळीच येत नाही. इंजिन येतं. त्यांच्या वडिलांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि वहिनी पाढे शिकल्या त्याच टेबलावर स्पॅनरचे नंबरही शिकल्या. आणि लग्न कुणाशी झालं? तर आमच्या दादाशी, जो फ्यूज उडाला की आधी चप्पल शोधतो आणि मग वहिनींना हाक मारतो.

तीस वर्षं मागच्या शेडमध्ये वहिनींनी अख्ख्या गल्लीचे मिक्सर, पंप आणि स्कूटर दुरुस्त केले. वस्तू पोचवायला जायचा दादा. साहजिकच लोक म्हणायचे, दादांच्या हाताला काय गुण आहे. दादा त्यावर हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही, नुसता मान खाली घालून हसायचा. खोटं कशाला बोलू, मीही चार ठिकाणी "आमचं घरच मेकॅनिकचं" म्हणून कॉलर ताठ केली आहे. मी पाट्या रंगवणारा माणूस, मला मेकॅनिकमधलं ओ की ठो कळत नाही.

तर एके दिवशी जेवताना वहिनी म्हणाल्या की शाळेचे पंप आणि मशीनं सांभाळणारा मेकॅनिक निवृत्त झालाय आणि त्या जागेसाठी त्यांनी अर्ज दिलाय. घरात कुणाला विचारलं नव्हतं. वय एक्कावन्न. शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, की शाळेच्या समितीला नुसत्या घरगुती दुरुस्त्या करणारी बाई नको आहे. पण शाळेच्या अडगळीत गवत कापायचं एक जुनं पेट्रोलचं मशीन पडलंय, तीन मेकॅनिकांनी त्यापुढे हात टेकलेत. ते चालू करा, समितीसमोर एकदाही न थांबता सगळं मैदान कापून दाखवा, जागा तुमची.

दादा म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, छंद म्हणून चाललंय ते बरंय की. वहिनींनी ताट बाजूला सारलं. "छंद तुम्ही म्हणता. मला ही नोकरी हवी आहे," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. आम्ही दोघं भाऊ आमटीकडे बघत बसलो.

मशीन टेम्पोतून आलं ते बघून मला तर हसूच आलं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर, टाकीत पेट्रोलचा काकवीसारखा चिकट थर, आणि गोल फिरणारी पाती गंजून एकमेकांना धरून बसलेली. वहिनींनी जुनी चादर अंथरली आणि मशीन खोलून प्रत्येक नट ओळीने मांडला. त्या चादरीवर पाय ठेवायची दादाचीही छाती नव्हती. पिस्टन अडकला होता, त्यात तेल सोडून चार दिवस नुसती वाट पाहिली. मी म्हटलं, हातोडा घाला एक. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप घरात गेलो. पाचव्या दिवशी पिस्टन हलला. मग कार्बोरेटर धुतला, पात्यांना धार लावली, प्लगची ठिणगी तपासली.

आता माझा पराक्रम ऐका. रंगकाम मी मागून घेतलं. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्यात, मग घरच्या मशीनला बाहेरचा हात कशाला? गंज घासला, प्रायमर मारला, वर गडद हिरव्या रंगाचे दोन हात आणि कडेने सोनेरी रेघ. टाकीच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं. पाटीवाल्याला भोक दिसलं की त्याचा हात आपोआप भोकं बुजवायच्या लांबीच्या डब्याकडे जातो. मी लांबी भरली, पॉलिश पेपर मारला आणि असं रंगवलं, की तिथे कधी भोक होतं हे देवालाही कळू नये. ते भोक हवेसाठी असतं, हे मला कुठून माहीत असणार? पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यावी लागते, नाहीतर पेट्रोल जागच्या जागी अडकतं. आमच्या पाट्यांना श्वास लागत नाही.

दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला मशीन सुरू झालं. वहिनी हसल्या, दात दिसतील एवढ्या. बारा मिनिटांनी मशीन बंद पडलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पेट्रोल बघा." मी झाकण उघडलं, आतून सुस्स आवाज आला, मी म्हटलं भरपूर आहे, आणि झाकण लावलं. मशीन पुन्हा सुरू. बारा मिनिटांनी पुन्हा बंद, पुन्हा मी झाकण उघडलं, पुन्हा सुरू. वहिनींची समजूत झाली की गरम झाल्यावर काहीतरी दगा देतंय. त्यांनी प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर तीनदा खोलला. झाकण उघडायचं काम मात्र दर वेळी माझ्याकडे, आणि माझं तोंड एवढं चालू, की तो सुस्स त्यांच्या कानापर्यंत जाईल कसा? आठवडा संपत आला तशा वहिनी बोलेनाशा झाल्या. एकदा शेडमध्ये नुसत्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी चाचणीच्या आदल्या दिवशी मशीन वीस मिनिटं चाललं, कारण टाकीत पेट्रोल थोडंच होतं आणि वर हवा भरपूर. आम्हाला वाटलं, सुटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. मोठ्या बाई, समितीचे दोन गृहस्थ, आणि एका टोकाला दादा आणि मी. टाकी काठोकाठ भरलेली. वहिनी पदर खोचून मशीनमागे चालू लागल्या आणि मागे गवताचे असे सरळ पट्टे पडत गेले, की माझ्यासारख्या रेघा मारणाऱ्याने मान डोलवावी. अर्धं मैदान झालं. आणि मशीन खोकलं, आणि थांबलं.

झाकण उघडणारा मी वहिनींपासून लांब, खुर्चीत होतो. मग पहिल्यांदाच त्यांनी स्वतः झाकण उघडलं. मैदानावर सामसूम होती आणि तो सुस्स त्यांनी ऐकला. झाकण उलटसुलट करून त्यावरून नख फिरवलं, आणि तिथून सरळ माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मोठ्या बाईंनी जवळ जाऊन काय झालं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. इथे आणायच्या आधी मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

मला राहवेना. धावत गेलो आणि सगळं ओकून टाकलं, की भोक मी बुजवलं, रंग माझा, लांबी माझी, वहिनींचा यात काडीचा संबंध नाही. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोठेपणाचं केलं. तर समितीतले एक गृहस्थ मोकळं हसले आणि म्हणाले, म्हणजे मशीन तुम्ही केलंय होय, तरी म्हटलं हे एकट्या बाईचं काम दिसत नाही.

वहिनी माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "भाऊजी, तीस वर्षं मी दुरुस्त केलेलं सगळं या घरातल्या पुरुषांच्या नावावर गेलं. निदान चूक तरी माझी राहू द्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा उभा राहिला होता. एरवी परक्या माणसासमोर त्याला कंठ फुटत नाही. तो त्या गृहस्थांना म्हणाला, "घरातलं आणि गल्लीतलं सगळं हीच दुरुस्त करते. मी फक्त पोचवतो. हे मी आजवर कधी सांगितलं नाही."

वहिनी ते ऐकायला थांबल्या नव्हत्या. पिशवीतून तार काढून त्यांनी भोक मोकळं केलं, माझ्या सुंदर रंगाचा टवका उडवला, झाकण बसवलं आणि दोरी ओढली. उरलेलं मैदान एका दमात कापलं.

समितीच्या दुसऱ्या गृहस्थांनी घसा साफ करून आठवण करून दिली, की अट एकदाही न थांबण्याची होती. मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तीन मेकॅनिकांनी मशीन जुनं आहे म्हणून मशीनला नावं ठेवली. माझं चुकलं म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलंय." मग त्यांनी वहिनींना हाक मारली आणि पहिल्या तारखेला सकाळी आठ वाजता यायला सांगितलं.

वहिनींनी दोन्ही हात पदराला पुसले, आणि आठला नाही, साडेसातला येईन म्हणाल्या.