माझ्या नणंदेची दगडांची बाग

माझ्या धाकट्या नणंदेइतकी चौकस बाई अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरी नसेल, आणि असलीच तर त्या दोघींची गाठ पडू नये अशी माझी प्रार्थना आहे. आम्ही दोघी आल्मेरेतच राहतो, चार गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, ती खोकला दाखवायला जाते आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांची सगळी हकीकत ऐकून परत येते. म्युनिसिपालिटीचं कचऱ्याबद्दल पत्र आलं की आपण मुकाट्यानं डबा बाहेर ठेवतो. ही फोन करून तो कचरा पुढे नेमका जातो कुठे ते विचारते. गंमत म्हणजे लोक तिला सांगतात. तिच्या विचारण्यात खोच नसते, तिला खरंच जाणून घ्यायचं असतं.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी विचारायला माणसंच उरली नाहीत, तेव्हा तिनं मोर्चा झाडांकडे वळवला. घरामागच्या अंगणात म्हणे दगडांची बाग करायची, डोंगरावरच्या चिवट झाडांची. आता आल्मेरे हे पाणी हटवून काढलेल्या जमिनीवर वसलेलं गाव. इथे खणलं तर चिखल लागतो, शिंपले लागतात. दगड औषधालासुद्धा सापडत नाही. मग तिनं दगड विकत आणले. साताऱ्याची मुलगी दगड विकत घेते हे ऐकून माझ्या सासूबाई फोनवर इतका वेळ गप्प राहिल्या की आम्हाला वाटलं नेट गेलं.

झाडांची निवड लग्नाची स्थळं बघावीत तशी चालली. नर्सरीतल्या पाटीवर लिहिलेलं असायचं, उणे वीस अंशांपर्यंत तग धरते. हे मोजलं कुणी? कुठे? एकच दिवस की आठवडाभर? समाधानकारक उत्तर मिळेना म्हणून तिनं स्वतःच परीक्षा घेतली. तिचा नवरा मटार काढायला फ्रीजर उघडतो तर ओल्या नारळाच्या पिशवीशेजारी कुंडी. तो सोशीक माणूस आहे. त्यानं मटार घेतले आणि दार लावलं. झाड पास झाल्याचं मला व्हॉट्सॲपवर फोटोसकट कळवण्यात आलं.

आणि एवढं करून नोव्हेंबरात निम्मी बाग कुजली. थंडी तर अजून यायचीच होती. झालं असं होतं की अंघोळ झाली की झाडांना तांब्याभर पाणी घालायचं, ही तिची माहेरापासूनची सवय. वरून इथला पाऊस रोज ओतत होता तरी तिचा तांब्या काही चुकत नव्हता. पलीकडचे एकटे राहणारे डच आजोबा हे सगळं कुंपणावरून, दीड मीटरचं अंतर राखून, सहा महिने बघत होते. मग आधी का नाही सांगितलंत, असं तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस." त्यांचंही खरं होतं. जगातली प्रत्येक गोष्ट विचारणाऱ्या आमच्या बाईंना झाडाला पाणी घालावं का, हा प्रश्न कधी सुचलाच नव्हता. या झाडांना थंडी चालते, ओले पाय चालत नाहीत, एवढंच आजोबांनी सांगितलं. त्यांच्या देखरेखीखाली तिनं माती उपसून खडी भरली आणि वर काचेचं छप्पर बसवलं.

डिसेंबरात आजोबांची तब्येत ढासळली आणि त्यांच्या मुलीनं त्यांना गाडीनं दोन तासांवरच्या ग्रोनिंगनला, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात हलवायचं ठरवलं. जाण्याआधी त्यांनी एक कुंडी हिच्या हाती दिली. सॅक्सिफ्रेज नावाचं झाड, मुठीएवढं, टणक, शेवाळ्याच्या गोळ्यासारखं. त्यांच्या गेलेल्या बायकोच्या हातचं तेवढंच उरलं होतं. हिवाळा काढून दे, म्हणाले.

त्या हिवाळ्यात माझ्या नणंदेला आयुष्यातलं सर्वांत कठीण काम पडलं, काहीच न करण्याचं. ती रोज तांब्या घेऊन काचेच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. फेब्रुवारीत बर्फ पडला, कालवे गोठले, सगळं गाव स्केट्स घालून बाहेर पडलं, आणि ही आपली दारात उभी. "वहिनी, ते जिवंत आहे की गेलंय, तेच कळत नाहीये गं," ती मला म्हणाली. "गेलं असेल तर त्यांना काय सांगू?" तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला तिची फार दया आली.

मार्चमध्ये त्या गोळ्यावर बारीक पिवळी फुलं आली. आम्ही दोघी ग्रोनिंगनला निघालो. वृद्धाश्रमात पुन्हा कुणाला तरी कोरोना झाला होता, म्हणून आत प्रवेश नव्हता. आजोबा खिडकीच्या आत मोबाइल कानाला लावून बसले, ही बाहेर कुंडी धरून उभी राहिली, आणि तिचा फोन स्पीकरवर टाकून मी धरला. बर्फाची, काचेची, तांब्याची, सगळी हकीकत तिनं सांगितली. मग म्हणाली, नर्सकडे देते, तुमच्या खोलीत ठेवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"इथे हीटर दिवसरात्र चालू असतो," ते म्हणाले. "या उबेत ते जगणार नाही. तुझ्याकडेच असू दे. आता फक्त थोडा वेळ वर धर."

तिनं कुंडी खिडकीपाशी उंच धरली. हात भरून आले तरी ते पुरे म्हणेपर्यंत तिनं ती खाली घेतली नाही.

गाडीत कुंडी मांडीवर घेऊन ती मनसोक्त रडली. मीही रडले. मग मी गाडी सुरू केली, तर तिनं हात पुढे करून हीटर बंद केला. बाहेर चार अंश तापमान होतं. आल्मेरे येईपर्यंत आम्ही दोघी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून कुडकुडत बसलो.