पाचव्या 'का'चं उत्तर

कुठल्याही गोष्टीला पाच वेळा 'का' विचारल्याशिवाय ज्ञानेशला चैन पडत नसे. चाकणच्या ज्या कंपनीत तो क्वालिटीला होता, तिथं ही रीतच होती. पार्ट बाद झाला की सगळ्यांनी फळ्याभोवती जमायचं. का बाद झाला? भोक तिरकं पडलं. का पडलं? पार्ट घट्ट पकडला गेला नव्हता. का नव्हता? असं खणत खणत मुळाशी जायचं. नियम एकच होता, शेवटच्या चौकटीत माणसाचं नाव येता कामा नये. कुणी घाईघाईनं 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं, की त्यांचे साहेब मालोजी काळे स्वतः डस्टर घेऊन ते पुसत. "माणसाचं नाव आलं ना, की समजायचं आपण विचारायचा कंटाळा केला," ते म्हणत.

ज्ञानेशला हे वाक्य फार आवडे. नव्या पोरांना तो ते स्वतःचं असल्यासारखं ऐकवी.

पण त्याचा खरा जीव होता सिनेमात. लक्ष्मणराव, त्याचे वडील, धाराशिवकडून येऊन भोसरीच्या फाउंड्रीत राबले आणि मोशीत दोन खोल्या घेतल्या. घरात पंचांगाशिवाय छापलेलं काही नव्हतं. ज्ञानेश मात्र डिप्लोमा करता करता मोबाइलवर पटकथा वाचायला शिकला आणि एक दिवस लिहायलाही लागला. लग्नाचं शूटिंग करणारा अरबाज त्याचा शाळेपासूनचा दोस्त. लग्नसराई सरली की अरबाजचा कॅमेरा मोकळा असे.

"भुताची कर," अरबाज म्हणाला. "पब्लिक रडायला येत नाही भावा, घाबरायला येतं."

ज्ञानेशनं भुताची केली. गोष्ट अशी : एका मुलीच्या पत्रिकेत कडक मंगळ. घरचे गुपचूप तिचं लग्न मातीच्या घटाशी लावतात. पहिला नवरा घट, म्हणजे दोष त्याच्या माथी गेला. मग घट पाण्यात सोडायचा आणि खऱ्या नवऱ्याशी लग्न लावायचं. पण घट सोडायचा राहून जातो. मुलीचं लग्न ठरतं, नवरा मुलगा अपघातात जातो. दुसरं ठरतं, तोही जातो. माळ्यावर मुंडावळ्या बांधलेला घट बसून असतो.

"मध्यापर्यंत बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की अपघातच आहेत," ज्ञानेश हात हलवून समजावत होता. "मध्यावर माळ्यावरचा घट दाखवायचा. आणि अगदी शेवटी कळतं, घट पाण्यात सोडायचा राहिला नव्हता, तिनंच तो लपवला होता. मूळ कारण तीच!"

अरबाजनं हातातला कॅमेरा खाली ठेवला. त्याला गणराज माहीत होता. ज्ञानेशची थोरली बहीण वर्षाली, तिचा साखरपुडा गणराजशी झाला होता. लग्नाच्या खरेदीच्या दिवसांतच चाकण-तळेगाव रस्त्यावर त्याची मोटरसायकल उभ्या ट्रेलरवर आदळली.

"त्याची तर डबल शिफ्ट झाली होती ना त्या दिवशी?" अरबाजनं विचारलं. "ते घे की यात."

"ओव्हरटाइमला कोण घाबरतं, राव?" ज्ञानेश हसला.

घटाचं मात्र अरबाजला ठाऊक नव्हतं. घरची माणसं आणि भटजी सोडले तर कुणालाच नव्हतं. वर्षालीलाही मंगळ होता. आई, रुक्मिणीबाई, तिला देहूकडच्या एका लहान देवळात घेऊन गेली होती. घटाला हळद लागली, अंतरपाट धरला आणि घट इंद्रायणीत सोडला. 'हे दाराबाहेर जायचं न्हाई,' असं आईनं सगळ्यांना बजावलं होतं. ज्ञानेशला वाटलं, आपण फक्त कल्पना घेतली. कल्पना काय, सगळेच घेतात.

नायिकेला साडी हवी होती. भाड्याच्या साड्या भडक. ज्ञानेश वर्षालीकडे गेला.

"ताई, एक चांगली साडी दे ना. सिनेमाला."

वर्षाली एका पॅकिंग लाइनवर कामाला होती. त्या दुर्घटनेनंतर ती फार कुठं जात नसे. तिनं कपाट उघडलं आणि मलमलीत गुंडाळलेली कमळाच्या रंगाची पैठणी काढून दिली. साखरपुड्याची.

"ही?" ज्ञानेश चपापला.

"नुसती पडूनच आहे. तुझ्या कामाला तरी येऊ दे." मग दटावत म्हणाली, "डाग पाडलास तर बघ हं, दिग्दर्शक."

त्यानं त्याच क्षणी साडी परत द्यायला हवी होती. तो ती घेऊन गेला, कारण पडद्यावर तो रंग छान दिसणार होता.

मंडळाच्या सभागृहात एका रविवारी सकाळी सिनेमा दाखवला. कंपनीतली पोरं आली, शेजारीपाजारी आले. वर्षाली पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. भावाचं नाव पडद्यावर आलं तेव्हा सगळ्यात आधी टाळी तिची पडली.

मध्यावर घट दिसला आणि बायका किंचाळल्या. ज्ञानेशला भिंतीला टेकून उभ्या उभ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात मागून शेजारच्या आक्काबाईंचा आवाज आला, "अगं बाई, हे लक्ष्मणरावांच्याच घरचं दिसतंय! म्हणजे तिचंबी घटाशी लावलं व्हतं व्हय?"

"गप की, समोर बसलीय ती."

"आन् साडीबी तीच हाय बघ! साकरपुड्याला नेसली व्हती."

शेवटाला पडद्यावर कमळाच्या रंगाची पैठणी नेसलेली मुलगी घटाला मिठी मारून हसत होती. तिच्या पदरावर रक्त होतं. ज्ञानेशनं वर्षालीकडे पाहिलं. तिची मान ताठ होती. आईनं पदर तोंडाला लावला होता. दिवे लागले, टाळ्या झाल्या, पोरांनी त्याला उचललं. खाली उतरला तेव्हा पहिली रांग रिकामी होती.

घरी आई भाकऱ्या थापत होती. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लई नाव काढलंस रं बाबा."

वर्षाली आतल्या खोलीत होती.

"ताई, ती तू नाहीस," तो दारातूनच म्हणाला. रस्ताभर त्यानं हेच घोकलं होतं. "ते कॅरेक्टर आहे."

"मग साडी माझी कशाला?"

तो उंबऱ्यातच घुटमळला.

"बस इथं," ती म्हणाली. "कंपनीत पाच वेळा का विचारता ना? मी विचारते, तू सांग. गणराज का गेला?"

"ताई, नको..."

"का गेला?"

"ट्रेलरवर आदळला."

"का?"

"धुकं होतं. ट्रेलरला मागं दिवे नव्हते. आणि... त्याचा डोळा लागला असणार."

"का लागला?"

"सेकंड शिफ्ट करून थर्डलाही थांबला होता."

"का थांबला?"

"त्याच्या जागी येणारा रिलिव्हर आला नाही. सुपरवायझर सोडेना." ज्ञानेशचा आवाज खाली खाली चालला होता. हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्या सकाळी जागेवर पोचलेला घरातला पहिला माणूस तोच होता. रस्त्यावर पडलेला गणराजचा डबा त्यानंच उचलला होता.

"का सोडेना?"

"माणसं कमी होती. निम्मी काढली होती कंपनीनं."

"झाले पाच," वर्षाली म्हणाली. "यात मी कुठं आले रे, ज्ञाना?"

मालोजी साहेब असते तर त्यांनी डस्टर उचललं असतं. ज्ञानेशला बहिणीच्या तोंडाकडे बघवेना. पांढऱ्या पायाची म्हणून लोक आजवर कुजबुजत होते. त्या कुजबुजीची कथा बांधून, संगीत लावून, पडद्यावर मोठी करून दाखवली ती त्यानं.

दुसऱ्या दिवशी तो अरबाजकडे गेला. सिनेमा त्यांनी इंटरनेटवर टाकला होता आणि एका स्पर्धेलाही पाठवला होता; तिथं तो शेवटच्या फेरीत पोचला होता.

"काढून घे," ज्ञानेश म्हणाला. "सगळीकडून."

"नक्की? परत अशी संधी नाही यायची, भावा."

"काढ."

अरबाजनं काढला. पण सोसायटीच्या ग्रुपवर पोरांनी आधीच तुकडे टाकले होते. आठवडा सरता सरता आई म्हणाली, "वर्षालीसाठी आलेल्या त्या राजगुरुनगरच्या स्थळाचा फोन आलता. थोडं थांबू म्हणलेत." वर्षाली डबा भरून शिफ्टला गेली.

त्या दिवशी ज्ञानेशची सुट्टी होती. त्यानं कपाटातून पैठणी काढली. परत देताना त्यानं ती डाग आत जाईल अशी घडी घालून दिली होती. आता उलगडली, तर घडी बदललेली होती. वर्षालीनं ती कधीतरी उघडून पाहिली होती आणि काही न बोलता डाग वर येईल अशी पुन्हा ठेवली होती. खोटं रक्त वाळून तपकिरी झालं होतं.

तो मोरीत पाट घेऊन बसला. साबण लावला, लिंबू लावलं. डाग फिका झाला पण पसरला. तो चोळत राहिला. किती वेळ गेला कळलं नाही. मागं चपलांचा आवाज झाला. वर्षाली शिफ्टवरून आली होती. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून ती दाराशी उभी राहिली.

"निघेल ताई. थोडं राहिलंय," तो वर न बघता म्हणाला.

ती वाकली, त्याच्या हातातून पदर सोडवून घेतला आणि नळ बंद केला.

"चोळू नकोस," ती म्हणाली. "पदराची जर उसवेल."

मग तिनं पदर पिळला नाही, तसाच निथळता धरून ती गॅलरीत गेली. ज्ञानेश मोरीतच बसून राहिला.