आत्याची नक्कल

आठ वर्षांची असताना मी आत्याची नक्कल फार छान करायचे. उजवं पाऊल आत वळवायचं, टाच उचललेली ठेवायची, पावलाची बाहेरची कड फरशीवर घासत चार पावलं टाकायची आणि कमरेवर हात ठेवून म्हणायचं, "कावून हसायलात रे पोरंहो?" पाहुणे आले की पप्पा स्वतःच फर्माईश करायचे, "कर बरं आत्याचं." मी करायचे. सगळे हसायचे. आत्याही हसायची आणि मग गॅसवरचं काहीतरी आठवून आत जायची. गॅसवर बहुतेक वेळा काही नसायचं.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्न होऊन दोन वर्षं नांदली आणि परत आली, तेव्हापासून ती आमच्याकडेच, परळीला. लहानपणी विहिरीच्या पायरीवरून पडून तिचा पाय तसा झाला, असं आम्हाला सांगितलेलं होतं. ते मी कधी तपासलं नाही. एरवी मी सगळं तपासते. औषधाच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय गोळी घेत नाही. पण घरात सांगितलेली गोष्ट कोण तपासतं?

नववीत असताना, दिवाळीनंतर कधीतरी, संध्याकाळी क्लासवरून येताना माझं उजवं पाऊल आपोआप आत वळलं. दुखलं नाही, मुरगळलं नाही, नुसतं वळलं. मी थांबले, चप्पल झटकली, पुन्हा निघाले. दहा पावलांवर पुन्हा तेच. सकाळी उठले तर पाय ठणठणीत. मी शाळेला पळत गेले. संध्याकाळी पुन्हा वाकडा. महिनाभर मी ते लपवलं. मग एका संध्याकाळी पाण्याची घागर घेऊन पडले आणि सगळं उघड झालं.

पप्पा आधी हसले. "बास कर आता, मोठी झालीस," म्हणाले. मी शपथ घेतली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. काळजीने नव्हे, संशयाने. पप्पा माझ्याच शाळेत शिपाई होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाच्या वेळी ते घंटेपाशी उभे राहून माझ्या पायाकडेच बघत होते. मी कवायतीत ताठ चालत होते. संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं, "शाळेत हरणावानी पळती. घरी आली की हिचं नाटक सुरू. कामं नकोत, दुसरं काय न्हाई."

मला राग आला. अजूनही येतो. आपलं अंग आपलं ऐकत नाही आणि आपलाच बाप आपल्याला खोटारडी म्हणतो, यापेक्षा वाईट काही त्या वयात मला माहीत नव्हतं.

तरी त्यांनी दवाखाने केले, हे सांगितलं पाहिजे. प्रत्येक वेळी पहाटेची एसटी, नऊच्या आत नंबर, दहाच्या सुमाराला तपासणी. दहाला माझा पाय शहाण्यासारखा सरळ असायचा. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारायचे, तळव्यावर किल्ली ओढायचे, चालून दाखव म्हणायचे. मी चालून दाखवायचे आणि चालता चालताच मला कळायचं की आपण हरलो. डोक्याचा फोटो काढला, तोही स्वच्छ निघाला. एका डॉक्टरांनी आई-पप्पांना बाहेर बसवून मला विचारलं, "घरी कुणी रागावतं का? दहावीची भीती वाटते का?" बोलायला ते गोड होते. कागदावर त्यांनी 'आजार नाही, लक्ष वेधण्यासाठी करते' असं लिहिलेलं मी एसटीत उघडून वाचलं आणि त्यानंतर गोड बोलणाऱ्या माणसांवरचा माझा विश्वास गेला तो गेलाच.

मग मीच शोधायला लागले. आधी राखेवर संशय घेतला. आमच्याकडे औष्णिक केंद्राची राख येऊन बसते. सकाळी झाडलेल्या गच्चीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. पण राख सगळ्या गल्लीवर पडत होती आणि पाय माझ्या एकटीचाच वळत होता. मग बोअरच्या पाण्यावर, मग आईने घोट्याला बांधलेल्या काळ्या दोऱ्यावर. दोरा मी कापून टाकला. काही फरक पडला नाही.

शेवटी शेजारच्या काकूंनी दारात उभं राहून आईला सांगितलेलं मी ऐकलं. "लई चिडवलं ना पोरीनं तिला. तळतळाट लागला असंल. तुमच्या वन्संचा."

आई त्यांच्यावर ओरडली. पण मला ते पटलं. लाज वाटते लिहायला, पण पटलं. आठवून बघितलं तर सगळं जुळत होतं: तोच पाय, तीच बाजू, तसंच घासणं. आणि माझा पाय वळायला लागल्यापासून आत्या माझ्याशी बोलायची कमी झाली होती. ती खिडकीपाशी बसून माझ्या पायाकडे टक लावून बघायची, आणि मी पाहिलं की नजर वळवायची. मी तिच्या हातचा चहा प्यायचं सोडलं. ती कप ठेवायची, मी तो मोरीत ओतायचे. तिने कधी विचारलं नाही. काही दिवसांनी ती माझा कप ठेवेनाशी झाली.

एक संशय मात्र राहिला होता, स्वतःवरचा. लहानपणी इतक्यांदा नक्कल केली, ती अंगात भिनली असेल का? पप्पा म्हणतात तसं मीच करते आहे आणि मलाच कळत नाही, असं असेल का? याची तपासणी मी ठरवून केली. एका संध्याकाळी, घरी कुणी नसताना, गच्चीवर गेले. बघणारं कुणी नव्हतं, नाटकाचं कारण नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालायचं ठरवलं. जीव खाऊन चालले. पाय वळलाच. मी कठड्याला धरून रडले आणि खाली आले.

नंतर आई वाळत घातलेले कपडे काढायला वर गेली. बराच वेळ खाली आली नाही. आली ती रिकाम्या हाताने.

"वर कोण गेलतं?"

"मी."

"संगं कोण व्हतं?"

"कुणी न्हाई."

ती मोबाइल घेऊन पुन्हा वर गेली. मी मागून गेले. राखेत माझी पावलं उमटली होती. डावं स्वच्छ, पाचही बोटं दिसणारं. उजव्याची नुसती बाहेरची कड आणि मागे ओढल्याची रेघ. आईने वाकून फोटो काढले, एकदोन नव्हे, टोकापासून टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गच्ची झाडली नाही. मला उठल्या उठल्या वर नेलं आणि कालच्या पावलांशेजारून चालायला लावलं. दोन्ही पावलं सारखी उमटली. आई खाली बसली. "माणूस बघायला असल्यावर नाटक करतंय," ती म्हणाली, "रिकाम्या गच्चीला कोण दाखवायलंय?" माझ्याशी ती एवढंच बोलली, पण त्या दिवसापासून घरात माझ्या बाजूने एक माणूस झालं.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडे आईने मुद्दाम संध्याकाळचा नंबर घेतला. पप्पा म्हणाले, परतायला उशीर होईल. आई म्हणाली, होऊ दे. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी पाय घासत चालले आणि बाईंनी ते दारातूनच पाहिलं. मग त्यांनी मोबाइलमधले फोटो पाहिले, मोठे करून, पुन्हा पुन्हा. "झोपून उठल्यावर सरळ असतो?" मला असं कुणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हणाले आणि मला हुंदका आला.

त्यांनी पप्पांना विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे का?"

"न्हाई," पप्पा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग बाईंकडे वळली. "ह्यांच्या बहिणीला हाय."

"अगं, ती पडलती विहिरीत."

"कवा पडल्या? सासरची माणसं इथं सोडायला आली तवा मी नवी नवरी व्हते, मला आठवतंय. सकाळी चालती अन् भाकरी थापायच्या येळंला लंगडती, नाटकी हाय, असं म्हणून सोडून गेली. विहिरीचं तुमी मागून काढलं. लोकांस्नी सांगायला."

पप्पा छताकडे बघत होते. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच आलं की मी जो चहा मोरीत ओतला, तो नाटकी म्हणून सोडून दिलेल्या ह्या आत्याने केलेला होता.

बाईंनी समजावून सांगितलं. मेंदूत एक द्रव्य तयार होतं, ते माझ्यात कमी पडतं. रात्रीच्या झोपेने साठा थोडा भरतो आणि दिवसभरात संपत जातो. हा आजार घराण्यात रक्तातून येतो. वर्षानुवर्षं औषध मिळालं नाही, तर पाय सकाळीही सरळ होईनासा होतो. औषध आहे. त्यांनी छोटी गोळी दिली, तीही अर्धी. माझा अर्थातच विश्वास बसला नाही. पहिल्या दिवशी मी ती उशीखाली ठेवली आणि पाय वळतो का ते पाहिलं. वळला. दुसऱ्या दिवसापासून घ्यायला लागले. चौथ्या संध्याकाळी गच्चीवर गेले, चालले आणि मागे वळून बघितलं. दहा बोटं. मी पुन्हा चालले. पुन्हा दहा. अंधार पडेपर्यंत मी मोजत होते.

आत्या मात्र लातूरला यायला तयार नव्हती. "आता पाय सरळ करून मला कुठं नांदायला जायचंय?" म्हणाली. तिचा नवरा तर दुसरा संसार करून वारलासुद्धा होता. आईने किती समजावलं, ती हलली नाही. मग मी तिच्यापुढे जाऊन बसले. नकलेबद्दल माफी मागितली, चहाबद्दलही मागितली. तिला सगळं माहीत होतं.

"पन तू माझ्याकडं अशी कावून बघायचीस?" मी विचारलं.

"मला वाटलं तू अजून नक्कलच करायलीस," ती म्हणाली. "मंग कळलं की न्हाई, खरंच हाय. बोलले असते तर कोण ऐकलं असतं माझं? एका नाटकीनं दुसरीची साक्ष द्यायची व्हय?"

ती आली. डॉक्टरांनी तिलाही तीच गोळी दिली. तिच्या पायाला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले आणि तो पूर्ण सरळ झाला नाही, पण टाच टेकायला लागली. एका संध्याकाळी ती पहिल्यांदाच जिना चढून गच्चीवर आली. चालली. खाली राखेकडे बघत बघत, हळू. मी, आई आणि पप्पा दारात उभे होते. मला वाटलं ती हसेल किंवा रडेल. ती संतापली होती.

"त्या डॉक्टरनीला म्हणावं कागदावर लिवून दे," ती म्हणाली. "ह्या बाईला रोग व्हता, ही खोटं बोलत नव्हती, असं. शिक्का मारून."

"आता कुणाला दाखवायचाय आत्या?" मी म्हणाले. "सासरी कोण राहिलंय?"

"सासरच्याला कशाला?" तिने हात वर केला आणि पप्पांकडे बोट दाखवलं. "ह्याला."