सूर्यभानभाऊंचं काळं रबर

सूर्यभानभाऊ चिडले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे आणि मग आवाज चढायचा. त्या दिवशी पैठण गेटजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात दोन्ही एकदमच झालं.

दुकानदाराचा गुन्हा एवढाच, की त्यानं भाऊंचे पांढरे केस पाहिले आणि टेबल टेनिसच्या बॅटला चिकटवायचं लांब दाण्यांचं रबर पुढं केलं. "काका, बॅकहँडला हे लावा. नुसती बॅट धरा, बॉल आपोआप परत जातो. तुमच्या वयाचे सगळे हेच नेतात."

"वयाचं रबर नाय मागितलं मी," भाऊ म्हणाले. "मला बॅकहँड शिकायचाय. माझी चूक झाकणारं नको, चूक दाखवणारं दे."

मग अर्धा तास घोळ घालून त्यांनी काळं, चकचकीत, कडक स्पंजाचं एक रबर निवडलं. या जातीच्या रबराला दयामाया नसते. मनगट जरा उशिरा फिरलं की बॉल जाळ्यात, बॅट जरा उताणी झाली की थेट छताला. मी सोबत होतो, पण भाऊंना अडवायची माझी काय टाप!

भाऊ चिकलठाण्याला आमच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. गाव दौलताबादच्या पायथ्याचं, वडील जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. टेबल टेनिस ते नोकरीला लागल्यावर शिकले, कँटीनशेजारच्या हॉलमध्ये, दुसऱ्यांचं बघून. फोरहँड असा, की समोरचा आपसूक दोन पावलं मागं सरकायचा. बॅकहँड मात्र नव्हताच. डावीकडं आलेल्या बॉललाही ते पळत वळसा घालून फोरहँडनंच मारायचे. पन्नाशी उलटली आणि तो वळसा पुरेनासा झाला. आदल्या वर्षी कारखान्यांच्या स्पर्धेच्या फायनलला वाळूजच्या पुंजाराम नावाच्या पोरानं ते बरोबर हेरलं. सगळं डावीकडं टाकलं आणि शेवटचा गेम अकरा-तीननं घेतला.

भाऊ येत्या मार्चमध्ये रिटायर होणार होते, म्हणजे जानेवारीतली स्पर्धा त्यांची शेवटची. पुंजारामला एकदा तरी डावीकडून उत्तर द्यायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

आता आमच्या हॉलची एक रीत सांगतो, आणि सांगताना मला आजही स्वतःची चीड येते. मॅनेजरसाहेब खेळायला आले की बॉल त्यांच्या फोरहँडला द्यायचा. हे कुठं लिहिलेलं नाही, पण नवा कामगार दोन दिवसांत शिकतो. साहेबांना बॅकहँडला बॉल टाकणं म्हणजे वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसण्यासारखं. साहेब बिचारे खूश असतात, त्यांना वाटतं आपला खेळ सुधारतोय.

नवं रबर लावल्यावर भाऊंचे बॉल पंख्यावर, ट्यूबलाइटवर, एकदा तर कँटीनच्या खिडकीतून थेट आमटीच्या पातेल्यात गेले. नवी पोरं तोंड फिरवून हसायला लागली. मी टीमचा कॅप्टन, मला ते बघवेना. मी सगळ्यांना बाजूला घेऊन बजावलं, "भाऊंना डावीकडं टाकू नका रे. जरा मान ठेवा." पोरांनी ऐकलं. मॅनेजरसाहेबांची रीत त्या दिवसापासून भाऊंनाही लागू झाली.

दोन महिने गेले. एका संध्याकाळी भाऊंनी गेम मध्येच थांबवला.

"नाना, इकडं ये. हे फोरहँडचं लाल रबर बघ. घासून पार गुळगुळीत झालंय. व्हय ना? आता हे काळं बघ. दुकानातनं आणलं तस्सं चमकतंय. दोन महिन्यांत याला धड शंभर बॉल लागले नायत. कुणी सांगितलं पोरांना?"

"भाऊ, तुमचा मान राखावा म्हणून..."

"मान?" कान लालभडक झाले होते. "माझ्या बापाचा मेंढरांवर लई जीव होता. पण लंगडं कोकरू चालायला लागावं म्हणून त्यानं त्याला कळपामागं चालवलंच. खांद्यावर नाय मिरवलं. तू माझे दोन महिने खाल्लेस, नाना!"

मलाही संताप आला. ज्यांच्यासाठी एवढं केलं, तेच सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतात! त्याच रागात मी सर्व्हिस केली ती डावीकडं. मग दुसरी, तिसरी, दहावी. पहिले वीसेक बॉल जाळ्यात गेले. भाऊ घामाघूम झाले, पण तोंडावर हसू होतं. "आत्ता कसं! टाक अजून."

त्यानंतर पाच आठवडे मी रोज शिफ्ट सुटल्यावर त्यांना फक्त डावीकडं बॉल दिले. खांद्यानं ढकलायची सवय मोडली, कोपर पुढं आलं, मनगट वेळेवर फिरायला लागलं. काळ्या रबराचा आवाजच बदलला.

जानेवारीत बजाजनगरला फायनल झाली. समोर पुन्हा पुंजाराम. तो वाकून भाऊंच्या पाया पडला.

"झालं पाया पडून? आता डावीकडं टाक," भाऊ म्हणाले.

त्यानं टाकले, आणि भाऊंनी परत दिले, तेही असे की पोरगं चक्रावलं. दोन-दोन गेम झाले. पाचव्या गेमला पुंजारामनं डावीकडं टाकणं सोडूनच दिलं, मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. तो उजव्या कोपऱ्यात लांब लांब मारत राहिला, भाऊंचे पाय थकले आणि गेम अकरा-नऊनं गेला.

बक्षीस समारंभात निवेदक भाऊंच्या वयाबद्दल, सेवेबद्दल, तब्येतीबद्दल पाच मिनिटं बोलला. मॅचबद्दल अवाक्षर नाही. मग ज्येष्ठ खेळाडू म्हणून सत्कार पुकारला आणि शाल-श्रीफळ घेऊन मी पुढं झालो. टीमनं मिळून आणली होती, कल्पना माझीच.

शाल अंगावर पडताना भाऊंनी माझं मनगट धरलं. "कधी आणली रे ही?"

"सकाळी."

"म्हंजे मॅचच्या आधी." टाळ्या चालू होत्या. "आन् मी जिंकलो असतो तर?"

त्याचा विचार आमच्यातल्या एकानंही केला नव्हता.