कॅबिनेटमधले बाबा

हसणार नसाल तर सांगते. जाऊ दे, तुम्ही हसणारच.

आमच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. पप्पा दर जयंतीला अंधश्रद्धेवर भाषण करतात आणि ते टाईप करून देते कोण? मी! आणि तीच मी, कोपरच्या आमच्या घरात, भरदुपारी भुताशी बोलले. तेही हात जोडून!

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. एका नवरीला संध्याकाळपर्यंत व्हिडिओ द्यायचा होता आणि आमच्या लॅपटॉपने मान टाकलेली. म्हणून पार्ट आणून स्वतःच कॉम्प्युटर जोडला. सगळं नवीन, फक्त बाहेरचं कॅबिनेट जुनं. टेंभी नाक्याच्या एका दादाकडून आणलेलं. देताना तो म्हणाला, "बाबांचं आहे. दिवसभर याच्यासमोरच बसायचे. गेले ते."

मी म्हटलं, "अरेरे." आणि कॅबिनेट उचलून निघाले.

बटण दाबलं. काही नाही. रॅम काढून परत बसवली. काही नाही. वायरी उपटल्या, खुपसल्या. ना पंखा, ना लाईट. मम्मी-पप्पा बाहेर गेलेले, पडदे ओढलेले, अख्खी बिल्डिंग चिडीचूप. शेवटी वैतागून मी कॅबिनेटवर एक थाप मारली.

आणि ते बोललं.

"...ऐकू येतंय का?"

पुरुषाचा आवाज. घोगरा, तुटक, विहिरीतून आल्यासारखा. कॉम्प्युटर तर बंद! माझ्या मानेवरचे केस उभे राहिले हो.

"ऐकू येतंय का गं?"

"ह... हो," मी म्हटलं. "तुम्ही कुठे आहात?"

"अडकलोय. पुढे काही दिसत नाही. सगळे नुसते उभे आहेत."

सगळे? म्हणजे अजून आहेत?

"तुम्हाला काय हवंय?"

"मला घरी यायचंय गं..."

मी हात जोडले. "बाबा, माझी काही चूक नाही. कॅबिनेट तुमच्या मुलानेच विकलं!"

नुसती खरखर. मग तो आवाज चढला. "काय? कॅबिनेट विकलं? मला न विचारता?"

"तुम्ही गेल्यावर लगेच विकलं!"

"थांब. येतोच मी. आज त्याला सोडत नाही."

आणि सगळं गप्प.

मी कुठे होते विचारा. पलंगावर, डोक्यावरून चादर! त्या दादाला फोन लावला, "तुमचे बाबा चिडलेत, तुमच्याकडेच येतायत." त्याने फोन कट केला. आता त्याची काय चूक?

तासाभराने वरच्या मजल्यावर धाडधाड आवाज. आरडाओरडा. मग पावलं जिना उतरली. आमच्या दारापाशी थांबली. बेल वाजली.

"बाबा, कॅबिनेट घेऊन जा!" मी आतूनच किंचाळले. "पण मला सोडा!"

"अगं, दार उघड! मी वरची मोरेकाकू!"

उघडलं. काकू, आणि मागे घामाघूम मोरेकाका. भूत ते हेच! शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले, तिथून काकूंना फोन केलेला. काकूंनी नातीच्या वाढदिवसाला आमचा ब्लूटूथ स्पीकर नेलेला, तेव्हा त्यांचा मोबाईल त्याला जोडलेला. स्पीकर परत आला, पण मोबाईल जोडलेलाच राहिला. त्यामुळे फोन उचलला काकूंनी आणि काका बोलले माझ्या टेबलावरच्या स्पीकरमधून. माझा आवाजही काकांना त्याच स्पीकरच्या माईकमधून गेला आणि खरखरीत तो त्यांना काकूंचाच वाटला. काकू बिचाऱ्या वर "हॅलो, हॅलो" करत बसलेल्या. शेवटी मोबाईलवर आमच्या स्पीकरचं नाव दिसलं, म्हणून दोघं खाली आले.

"मी घरी येऊन झोपलेल्या पोराला उठवून बदडणार होतो," काका म्हणाले. "बघतो तर टीव्हीचं कॅबिनेट जागच्या जागी! तू कुठलं कॅबिनेट म्हणत होतीस?"

मी वारलेल्या बाबांपासून जोडलेल्या हातांपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "हे. चालूच होत नाहीये."

काकू वाकून मागे बघायला लागल्या. "अगं, इथे मागे एक काळं बटण आहे. ते चालू करायचं नसतं का?"

खट्. मी पुढचं बटण दाबलं. पंखा फिरला, लाईट लागली, स्क्रीन उजळली.

काकांनी रुमालाने मान पुसली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मेलेल्या माणसाला हात जोडून विचारलंस, काय हवंय म्हणून. एकदा त्या कॉम्प्युटरलाही विचारायचंस!"